चावीच्या घड्याळातली वीज

रात्रीचे साडेनऊ वाजले हे आमच्या घरी घड्याळाकडे पाहून कळत नसे. वडिलांकडे पाहून कळे. जेवणे आटोपलेली असत, स्वयंपाकघरात आईची मागची आवराआवर चाललेली असे, आणि वडील मनगटावरचे घड्याळ काढून, धोतराच्या सोग्याने त्याची काच पुसून, त्याला चावी देऊ लागत. अंगठा आणि तर्जनी यांची ती पुढेमागे होणारी हालचाल वीस-पंचवीस वेळा व्हायची. मग घड्याळ कानाशी धरायचे, क्षणभर डोळे मिटायचे, आणि समाधान झाले की ते कोनाड्यात ठेवायचे. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी ते चौरंगावर नाण्यांच्या शेजारी बसे; पूजा लांबली की वडिलांची नजर देवीपेक्षा घड्याळाकडेच अधिक जाई. ते रोज मिनिटभर पुढे पळे. सकाळी रेडिओवरच्या बातम्यांच्या वेळी वडील त्याला मागे आणीत आणि म्हणत, "माणसाने थोडे पुढेच असावे."

वडील गेले त्या दिवसांत चावी द्यायचे कोणाच्याच ध्यानात राहिले नाही. तेरावा झाल्यावर कोनाड्यात पाहिले, तो घड्याळ थांबलेले. ते घेऊन मी आमच्या पेठेतल्या घड्याळजीकाकांकडे गेलो. काकांनी डोळ्याला भिंग लावले, मागचे झाकण उघडून बराच वेळ आत पाहिले, आणि भिंग काढून म्हणाले, "याला काही झालेले नाही रे बाळ. याला चावी देणारे माणूस गेले, एवढेच."

मग त्यांनी आपला आवडता सिद्धांत मला ऐकवला. घड्याळांची म्हणे दोन घराणी. एक चावीचे, दुसरे सेलचे. चावीच्या घड्याळाला माणूस लागतो, सेलच्या घड्याळाला दुकान लागते. चावीचे चुकते, पण मुलानातवंडांपर्यंत चालते. सेलचे चुकत नाही, पण बिघडले की टाकून द्यायचे. "आणि या दोन घराण्यांत सोयरीक व्हायची नाही, लिहून ठेव," असे म्हणून त्यांनी टेबलावर बोट आपटले. त्या टेबलावर एके काळी दुरुस्तीच्या घड्याळांच्या पुड्या मावत नसत. त्या दिवशी माझे एकच घड्याळ होते.

काकांच्या बोलण्यावर माझा विश्वास बसला होता. पुढे काही वर्षांनी मुंबईत एका मोठ्या दुकानात, घेण्याची ऐपत नसताना केवळ हौसेखातर, मी एक जपानी घड्याळ हातात घेऊन पाहिले, आणि सवयीने कानाशी धरले. आवाज नाही! सेकंदकाट्याकडे पाहिले, तर तो उड्या न मारता, पाण्यावरून पान वाहत जावे तसा सरकत होता. विक्रेता म्हणाला, "यात सेल नाही साहेब, स्प्रिंगवरच चालते. पण आत क्वार्ट्झ आहे." म्हणजे सोयरीक झाली होती! ती कशी जमली आणि कोणी जमवली, त्याची ही हकीकत.

आधी दोन्ही घराण्यांची वंशावळ थोडक्यात पाहू. चावीच्या घड्याळाच्या पोटात एक लांब पोलादी पट्टी गुंडाळलेली असते. चावी देताना आपण ती आवळतो, म्हणजेच आपल्या बोटांतली थोडी शक्ती तिच्यात साठवून ठेवतो. ती सैल होऊ पाहते आणि दातेरी चक्रे फिरवते. पण तिला मोकळे सोडले तर सारी शक्ती पाहता पाहता उधळून जाईल. म्हणून एक लहानसे चक्र केसासारख्या बारीक स्प्रिंगवर सारखे इकडून तिकडे झुलत असते, आणि प्रत्येक झोक्याला गाडी एकदा अडवून एकदा सोडते. ती अडवासोडव म्हणजेच आपली टिकटिक. झुलत्या चक्राला ही बारीक स्प्रिंग लावण्याची युक्ती हॉलंडच्या ख्रिस्तियान हायगेन्सने १६७५ साली प्रसिद्ध केली, आणि पुढे जवळजवळ तीनशे वर्षे खिशातली आणि मनगटावरची घड्याळे तिच्याच जोरावर चालली. या झोक्यावर उन्हाळा-हिवाळ्याचा, तेल सुकण्याचा, मनगट उभे की आडवे याचासुद्धा परिणाम होतो. वडिलांचे घड्याळ रोज मिनिटभर पळे ते त्यामुळेच.

दुसरे घराणे विजेचे. १९५७ साली अमेरिकेत हॅमिल्टन कंपनीने सेलवर चालणारे मनगटी घड्याळ विक्रीला आणले. १९६० साली बुलोव्हाचे 'अ‍ॅक्युट्रॉन' आले. त्यात झुलत्या चक्राऐवजी सेकंदाला ३६० वेळा कंप पावणारा एक चिमुकला नादकाटा होता, आणि ते टिकटिक न करता गुणगुणत असे. पण खरा भूकंप झाला तो २५ डिसेंबर १९६९ या दिवशी. टोकियोत सेइको कंपनीने 'अ‍ॅस्ट्रॉन' हे पहिले क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विकायला ठेवले. क्वार्ट्झ म्हणजे गारगोटीच्या जातीचा स्फटिक. त्याला विजेचा झटका दिला की तो ठरावीक वेगाने थरथरतो, आणि हा वेग सहसा बदलत नाही. अ‍ॅस्ट्रॉनची किंमत होती ४,५०,००० येन. त्या पैशात त्या काळी जपानात लहान मोटार येई. पण ते महिन्याकाठी पाच सेकंदांपलीकडे चुकत नसे.

पुढे किमती कोसळल्या, आणि त्यांच्याबरोबर पिढ्यान्‌पिढ्यांचे धंदेही. १९७० च्या सुमारास स्वित्झर्लंडच्या घड्याळधंद्यात ९०,००० च्या आसपास माणसे होती. १९८० च्या दशकाच्या अखेरीस ती ३०,००० च्या घरात आली. आपल्याकडे १९६१ साली सिटिझन या जपानी कंपनीच्या सहकार्याने बंगळूरला एच.एम.टी.चा घड्याळांचा कारखाना निघाला होता आणि चावीची घड्याळे घरोघर पोचली होती. १९८७ पासून टायटनची क्वार्ट्झ घड्याळे आली, आणि साडेनऊची चावी हळूहळू घरांतून नाहीशी झाली. घड्याळजीकाकांचे टेबल रिकामे झाले ते याच लाटेत.

आता गंमत पाहा. अ‍ॅस्ट्रॉन तयार झाले ते जपानमधल्या नागानो प्रांतात, सुवा नावाच्या तळ्याकाठच्या सुवा सेइकोशा या कारखान्यात. ज्या घराने चावीला रजा दिली, त्याच घरातल्या एका तरुण अभियंत्याच्या मनाने घेतले की चावीला परत बोलवावे. योशिकाझू आकाहाने हे त्याचे नाव. साल १९७७, म्हणजे सेलच्या घड्याळांची चलती होऊ लागली होती तो काळ. त्याची कल्पना अशी, की शक्ती स्प्रिंगची असावी, चक्रे, काटे सगळे चावीच्या घड्याळासारखे असावे, पण वेळेचा हिशेब क्वार्ट्झने ठेवावा. आणि सेल मात्र मुळीच नसावा. क्वार्ट्झला लागणारी वीज स्प्रिंगनेच तयार करून द्यावी. सेलच्या कारखान्यात बसून असला विचार करणे म्हणजे आगगाडीच्या डब्यात बसून बैलगाडीचे गुणगान करण्यासारखेच होते!

कल्पना साधी, अडचण अवघड. आवळलेल्या स्प्रिंगमध्ये शक्ती ती किती? मूठभरसुद्धा नाही. त्यातली बहुतेक काटे फिरवण्यात जाते. उरलेल्या चिमूटभर शक्तीत वीज निर्माण करायची, आणि तेवढ्या विजेवर क्वार्ट्झ, हिशेब ठेवणारे इलेक्ट्रॉनिक मंडल आणि लगाम असा सगळा संसार चालवायचा. १९८२ साली पहिला नमुना झाला. तो चालला, पण त्यातले मंडल इतकी वीज खाई की स्प्रिंग काही तासांतच थके. काम बाजूला पडले, पुन्हा हाती घेतले, पुन्हा अडले. चावी एकदा दिली की घड्याळ ४८ तास चालावे असे लक्ष्य होते, आणि ते गाठायला मंडलांची खादाडी कमी होण्याची वाट पाहण्यावाचून गत्यंतर नव्हते. सहाशेहून अधिक नमुने झाले असे सांगतात.

शेवटी जे साधले ते मला विलक्षण सुंदर वाटते. घाटातून उतरणारी भरलेली बैलगाडी डोळ्यांपुढे आणा. उतारावर बैलांना गाडी ओढावी लागत नाही, आवरावी लागते. या घड्याळातही स्प्रिंग चक्रांना उताराला लावते, आणि शेवटचे एक चक्र सेकंदाला आठ फेरे घेते. त्या चक्राला लोहचुंबक जोडलेले आहे, आणि शेजारी तांब्याच्या तारेचे वेटोळे. चुंबक फिरला की वेटोळ्यात वीज उत्पन्न होते. सायकलच्या डायनॅमोचीच ही धाकटी भावंडे! त्या विजेवर क्वार्ट्झ सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. ही संख्या विचित्र वाटली, तरी ती बारा वेळा निम्मी करून पाहा; बरोबर ८ उरतील. मंडल हेच करते. क्वार्ट्झचे आठ आणि चक्राचे आठ ताडून पाहते, आणि चक्र पुढे पळू लागले की वेटोळ्याची दोन टोके क्षणभर एकमेकांना जोडते. तसे केले की वेटोळ्यातली वीजच चुंबकाला मागे ओढते. सायकलचा डायनॅमो चाकाला टेकवला की पॅडल जड होते, तसेच हे. म्हणजे चक्र स्वतःच वीज करते, आणि त्याच विजेचा लगाम त्यालाच लागतो. कशाला कशाचा स्पर्श नाही, अडवासोडव नाही, म्हणून टिकटिकही नाही.

आणि या साऱ्या कारभाराला वीज लागते किती? सुमारे २५ नॅनोवॅट. आमच्या देवघरात दहा वॅटचा एक दिवा आहे. त्याच्या विजेत असली चाळीस कोटी मंडले चालतील. चूक दिवसाला एक सेकंद, महिन्याला पंधरा.

हे घड्याळ १९९८ साली स्वित्झर्लंडमध्ये बाझेलच्या प्रदर्शनात जगाला दाखवले गेले, आणि 'स्प्रिंग ड्राइव्ह' या नावाने १९९९ साली विक्रीला आले. आकाहाने मात्र १९९८ मध्येच वारले. ज्या घड्याळासाठी वीस वर्षे घालवली, ते गिऱ्हाइकाच्या मनगटावर पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. सहकाऱ्यांनी काम थांबवले नाही. २००४ साली हात हालला की आपोआप चावी बसणारे आणि ७२ तास चालणारे स्प्रिंग ड्राइव्ह 'ग्रँड सेइको'त आले. सुवाजवळच्या शिओजिरी येथे ते बनते.

एकदा वाट पडली की इतर वाटसरूही आपापल्या पायवाटा काढतात. २०१३ साली युरवेर्क या स्विस मंडळींनी एक निराळेच घड्याळ केले. ते सर्वस्वी जुन्या पद्धतीने टिकटिक करीत चालते. वीज त्याच्या चालण्यात ढवळाढवळ करीत नाही. बाजूला एक घडीची मूठ आहे. ती उघडून फिरवली की आतल्या जनित्रात थोडी वीज साठते. मग कळ दाबायची. प्रकाशाचा एक किरण झुलत्या चक्राचे झोके तीन सेकंद मोजतो, आणि तुमचे घड्याळ दिवसाला किती सेकंद पुढे किंवा मागे जात आहे ते एक काटा दाखवतो. सुधारणा यंत्र करीत नाही. पाठीमागे एक स्क्रू आहे, तो तुमचा तुम्ही फिरवायचा. बेल्जमच्या अँटवर्पमध्ये रेसेन्स कंपनीने २०१८ साली उलट बाजू धरली. काचेवर बोटाने टकटक केली की चावीच्या घड्याळाचे काटे विजेने आपोआप योग्य वेळेवर येतात, आणि ती वीज घड्याळाच्याच हालचालीतून व तबकडीवर पडणाऱ्या उजेडातून मिळते. म्हणजे एका ठिकाणी वीज कारभारी, दुसरीकडे सल्लागार, तिसरीकडे गडी. पण तिघांचीही भाकर घरचीच. बाहेरून सेल आणायचा नाही.

या खेळण्यांच्या किमती पाहिल्या तर ती तुमच्याआमच्यासाठी नाहीत, हे उघड आहे. वेळ पाहायला भिंतीवरचे स्वस्त क्वार्ट्झ घड्याळही पुरते. मग आकाहाने यांनी आयुष्य कशासाठी घालवले? मला वाटते, नव्याने जुन्याची जागा घ्यायची तर जुन्याला मारलेच पाहिजे, हे त्यांना पटले नव्हते. आपल्या बोटांनी भरलेल्या शक्तीवर आपले यंत्र चालावे, तिने दिलेली वीज तिनेच जपून खर्च करावी, आणि तरीही वेळ चुकू नये, एवढाच त्यांचा हट्ट होता.

ही सगळी हकीकत मी घड्याळजीकाकांना सांगितली ती खंडेनवमीच्या दिवशी. चिमटे, स्क्रूड्रायव्हर, भिंग अशी सगळी हत्यारे पाटावर मांडून त्यांनी फुले वाहिली होती. मी डायनॅमो सांगितला, लगाम सांगितला, चाळीस कोटींचा हिशेब सांगितला. काका ऐकत राहिले. मग एकच प्रश्न विचारला.

"त्या पहिल्या घड्याळाला चावी द्यावी लागते ना?"

"लागते काका."

"मग ते आपल्याच घराण्यातले," काका म्हणाले, "सून मात्र शिकलेली आली."

वडिलांचे घड्याळ आता माझ्याकडे आहे. काकांनी ते साफ करून, तेल घालून दिले. पैसे घेतले नाहीत. अजूनही ते रोज मिनिटभर पुढे जाते, आणि मी ते सकाळी मागे आणतो. रात्री साडेनऊला चावी देताना धाकटी नात शेजारी येऊन बसते. परवा तिने विचारले, "आजोबा, हे चार्ज करताय का?" मी जरा विचार केला आणि म्हणालो, "हो." मग घड्याळ तिच्या कानाशी धरले.