मी कोण? : डिस्क नसलेल्या संगणकांची गोष्ट

गेल्या वर्षी ब्रिस्टलमधल्या आमच्या रविवारच्या मराठी शाळेला दहा संगणक फुकट मिळाले. एका कार्यालयाने जुने म्हणून काढलेले. पडदे, कीबोर्ड, माउस सगळे ठीकठाक. फक्त एकाही यंत्रात हार्ड डिस्क नव्हती. आतली माहिती बाहेर जाऊ नये म्हणून जुने संगणक देताना डिस्क काढून नष्ट करतात, तेव्हा देणाऱ्याची काही चूक नव्हती. पण शाळेच्या ताईंचा चेहरा उतरला. मुलांना देवनागरीत टाइप करायला शिकवायचा त्यांचा बेत होता आणि दहा नव्या डिस्क घेण्याइतके पैसे शाळेकडे नव्हते. "अगं, तू दिवसभर कॉम्प्युटरवरच असतेस ना? बघ काही होतंय का," म्हणून त्यांनी ते काम माझ्यावर सोपवले.

मी पदार्थविज्ञानात पोस्टडॉक करते. पीएचडीच्या काळात माझी गणिते ज्या क्लस्टरवर रात्ररात्र चालत, त्यातल्या यंत्रांनाही स्वतःची डिस्क नव्हती, एवढे मला ठाऊक होते. ती सुरू कशी होतात, हा प्रश्न मात्र कधी पडला नव्हता. म्हणून वाचायला बसले, आणि ती वाट कॅलिफोर्नियाहून थेट ब्रिस्टल आणि पुण्यापर्यंत आली.

आधी अडचण समजून घेऊ. आपण बटण दाबतो तेव्हा मदरबोर्डवरच्या चिपमधला एक छोटा प्रोग्रॅम जागा होतो, डिस्कवरून पुढचा प्रोग्रॅम उचलतो आणि त्याच्या हाती कारभार देतो. डिस्कच नसेल तर त्या छोट्या प्रोग्रॅमला माहीत काय असते? जवळपास एकच गोष्ट: नेटवर्क कार्डावर कारखान्यातच घातलेला ४८ बिटांचा क्रमांक. स्वतःचा पत्ता माहीत नाही, मदत कोणाकडे मागायची तेही माहीत नाही. मग तो तारेवरच्या सगळ्यांनाच उद्देशून हाक मारतो: माझा क्रमांक हा, तर मी कोण?

झेरॉक्सच्या पालो अल्टो येथील संशोधन केंद्रात १९७३ साली तयार झालेला 'अल्टो' संगणक डिस्कवरून चाले, पण हवे तर इथरनेटवरूनही सुरू करता येई. या कल्पनेची खरी गरज भासली ती १९८० नंतर. प्रत्येक संशोधकाच्या टेबलावर स्वतंत्र वर्कस्टेशन ठेवायचे तर प्रत्येकाला डिस्क घ्यावी लागे, आणि डिस्क महाग असत, वर आवाजही करत. एक मोठी डिस्क सर्व्हरला द्यावी आणि बाकीच्यांनी ती वाटून घ्यावी, हा हिशेब सोपा होता. शंका एवढीच, की अशाने काम रखडणार तर नाही? स्टॅनफर्डच्या डेव्हिड शेरिटन आणि विली झ्वानेपूल यांनी १९८३ साली मोजमापे घेऊन दाखवले, की नेटवर्कवरून फाइली वाचूनही असा संगणक चांगल्या वेगाने चालू शकतो.

'सन' ही कंपनी याच वातावरणात १९८२ साली निघाली. तिचे नाव म्हणजे 'स्टॅनफर्ड युनिव्हर्सिटी नेटवर्क'ची आद्याक्षरे. संस्थापकांपैकी विनोद खोसला यांचा जन्म पुण्याचा. 'सन'ची बिनडिस्कची वर्कस्टेशने पुढे अनेक विद्यापीठांत दिसू लागली.

"मी कोण?" या प्रश्नाला रीतसर रूप मिळाले जून १९८४ मध्ये. स्टॅनफर्डच्याच चौघांनी 'रार्प' नावाचा प्रोटोकॉल मांडला. पण त्याच्या उत्तरात फक्त पत्ता मिळे, आणि प्रश्न राउटरच्या पलीकडे जात नसे. म्हणजे नेटवर्कच्या प्रत्येक तुकड्यात उत्तर देणारा वेगळा सर्व्हर हवा. सप्टेंबर १९८५ मध्ये स्टॅनफर्डचे बिल क्रॉफ्ट आणि 'सन'चे जॉन गिलमोर यांनी 'बूटपी' आणला. त्यात एकाच उत्तरात तिन्ही गोष्टी येतात: तुझा पत्ता हा, सर्व्हर तो, आणि तिथून आणायची फाइल अमुक. फाइल आणायला 'टीएफटीपी' होताच. त्याचे काम अगदी साधे. ५१२ बाइट पाठवायचे, पोच मिळेपर्यंत थांबायचे, मग पुढचे ५१२. लॉगिन नाही की पासवर्ड नाही. सुरुवातीचा सगळा प्रोग्रॅम एका छोट्या चिपमध्ये मावायला हवा, म्हणून सगळेच आटोपशीर ठेवलेले.

ब्रिस्टलमध्ये राहून मला ज्याचा पत्ता नव्हता तो भाग यापुढचा. इथल्या 'इनमॉस' कंपनीने १९८० च्या दशकात 'ट्रान्सप्युटर' नावाची चिप बनवली. शेजारच्या चिपशी थेट बोलण्यासाठी तिला चार जोडण्या असत. सुरू झाल्यावर स्वतःच्या रॉममधून प्रोग्रॅम उचलायचा, की जोडणीवर कोणी काही पाठवेल म्हणून ऐकत थांबायचे, हे ठरवून देता येई. ऐकत थांबलेल्या चिपला जो पहिला बाइट येई, तो बहुधा पुढच्या प्रोग्रॅमची लांबी सांगे. तेवढे बाइट स्मृतीत घ्यायचे आणि चालवायला लागायचे. चिपला स्वतःचे असे काही लागतच नसे. शेजारी देईल त्यावर ती उभी राही.

अमेरिकेकडून हवा तसा महासंगणक मिळेना, तेव्हा १९८८ साली पुण्यात 'सी-डॅक' स्थापन झाली. डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली तिथे 'परम ८०००' तयार झाला, तो याच ट्रान्सप्युटर चिपा जोडून. लहानपणी पुण्यात 'परम'चे नाव अभिमानाने ऐकले होते. त्याच्या पोटातली चिप आपण आज राहतो त्या गावची, हे कळायला मात्र दहा बिनडिस्कचे संगणक पदरात पडावे लागले.

पुढचे थोडक्यात. १९९३ साली 'बूटपी'चा विस्तार होऊन 'डीएचसीपी' आला. आपल्या घरचा वायफाय राउटर फोनला पत्ता देतो तो त्यानेच. १९९० च्या दशकाअखेरीस इंटेलने 'पीएक्सई' हे मानक आणले आणि साध्या पीसीलाही नेटवर्कवरून सुरू होता येऊ लागले. तोवर डिस्क स्वस्त झाल्या होत्या, त्यामुळे घरोघरी कोणाला याची गरज उरली नाही. क्लस्टरमध्ये आणि शाळांच्या प्रयोगशाळांत मात्र ही रीत टिकली.

मी एका जुन्या लॅपटॉपवर लिनक्स घालून त्याला सर्व्हर केले. घरी दोन संगणकांवर सगळे झकास चालले. रविवारी शाळेच्या हॉलमध्ये, मुलांच्या आणि पालकांच्या देखत, दहापैकी दोनच सुरू झाले. बाकीच्यांच्या पडद्यावर एकच ओळ: बूट फाइलचे नाव मिळाले नाही. घाम फुटला. कारण सापडले ते सगळे घरी गेल्यावर. हॉलच्या इंटरनेटची पेटीसुद्धा डीएचसीपीची उत्तरे देत होती. आठ संगणकांनी हाक मारली, पेटीने माझ्या लॅपटॉपआधी उत्तर दिले, आणि त्यांनी ते मानले. पत्ता मिळाला, फाइल कुठली ते कोणी सांगितलेच नाही.

उत्तर देणारा खरा की तोतया, हे विचारायची सोय 'बूटपी'त मुळात नव्हती. त्या काळी तारेच्या दुसऱ्या टोकाला बहुतेक वेळा ओळखीचाच माणूस असे. आज त्याच भोळेपणाचा फायदा घेऊन कोणी भलताच प्रोग्रॅम पाठवू शकतो. मी एक स्वतंत्र स्विच आणला, दहा संगणक आणि लॅपटॉप त्यालाच जोडले आणि हॉलच्या पेटीशी संबंध तोडला. पुढच्या रविवारी दहाही पडदे उजळले आणि मुले 'क्ष' आणि 'ज्ञ' कुठल्या बटणांवर आहेत ते शोधू लागली.

मध्यंतरी ट्रेन चुकल्यामुळे लॅपटॉप घेऊन मी वीस मिनिटे उशिरा पोहोचले. एकही संगणक सुरू झालेला नव्हता. दारातच एक मुलगा म्हणाला, "मावशी, ते सगळे तुझ्यासाठीच थांबलेत." त्याच आठवड्यात मी दुसरा एक जुना लॅपटॉप मिळवला, त्यावर सगळी नक्कल करून ठेवली, आणि तो शाळेच्या कपाटात ठेवून किल्ली ताईंकडे दिली.