एमकॅट : गुणांची भाकीतक्षमता

अमेरिका व कॅनडातील वैद्यकीय महाविद्यालयांत प्रवेशासाठी घेतली जाणारी प्रमाणित परीक्षा म्हणजे एमकॅट. फ्रेड मॉस यांनी १९२८ मध्ये तयार केलेल्या चाचणीत तिचे मूळ आहे. त्या काळी अमेरिकेतील काही महाविद्यालयांत निम्म्यापर्यंत विद्यार्थी शिक्षण अर्धवट सोडत. कोण टिकेल हे आधी कळावे म्हणून ही चाचणी आली. भाकीत हाच तिचा जन्महेतू. २०१५ पासून तिचे चार विभाग असून एकूण गुण ४७२ ते ५२८ या पट्ट्यात मोजतात.

पुढे अमेरिकेत डॉक्टरकीच्या परवान्यासाठी यूएसएमएलई ही टप्प्याटप्प्याची परीक्षा द्यावी लागते. डॉनन, पाओलुची व व्हायोलाटो यांनी २००७ मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा एमकॅट व यूएसएमएलईच्या पहिल्या टप्प्यातील गुणांचा सहसंबंध सुमारे ०.६ आढळला. मानवी कामगिरीच्या मोजमापात हा आकडा मोठाच. तरी त्याचा वर्ग ०.३६ होतो. पहिल्या टप्प्याच्या गुणांमधील चढउताराचा एवढाच हिस्सा एमकॅटच्या गुणांशी जुळतो. बाकीचा अभ्यासाची चिकाटी, अध्यापन, प्रकृती, घरची परिस्थिती अशा गोष्टींना मोकळा राहतो. त्यामुळे एखाद्या विद्यार्थ्याचे भवितव्य या गुणांवरून सांगणे चूकच.

आकडा वाचताना आणखी एक भान हवे. कमी गुणांचे बहुतेक उमेदवार महाविद्यालयात पोचतच नाहीत. निवडलेल्यांचेच गुण तपासले, की गुणांचा पल्ला आखूड होतो आणि सहसंबंध प्रत्यक्षाहून कमी दिसतो. दुसरीकडे, दोन्ही परीक्षा बहुपर्यायी आणि घड्याळ लावून घेतलेल्या; झपाट्याने वाचून नेमका पर्याय टिपण्याचे कसब दोन्हीकडे उपयोगी पडते. म्हणूनच रुग्णाच्या खाटेपाशी वरिष्ठांनी केलेल्या मूल्यमापनाशी एमकॅटच्या गुणांचे नाते बरेच सैल होते. रुग्णाचे बोलणे धीराने ऐकून घेणे कोणत्याही बहुपर्यायी प्रश्नात मोजता येत नाही.

२६ जानेवारी २०२२ पासून यूएसएमएलईच्या पहिल्या टप्प्याचा निकाल केवळ उत्तीर्ण वा अनुत्तीर्ण असा लागतो; दुसऱ्या टप्प्याच्या लेखी ज्ञानपरीक्षेला मात्र अजून आकडी गुण आहेत. महाराष्ट्रातून एमबीबीएस करून अमेरिकेत निवासी डॉक्टर होऊ पाहणारे यूएसएमएलई देतात, एमकॅट नव्हे. त्यामुळे वरील सहसंबंध त्यांना लागू करता येत नाहीत.