काकवी

उसाचा रस आटवून केलेला दाट, तांबूस पाक. गुळाच्या अलीकडची अवस्था. कोल्हापूरकडच्या गुऱ्हाळांत काहिलीत रस उकळताना भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालतात, म्हणजे मळी वर येते आणि ती काढून टाकता येते. पाणी उडत जाते तसा उत्कलनबिंदू चढतो. सुमारे १०५ अंश सेल्सिअसला काहील उतरवली तर काकवी, ११८च्या आसपास गूळ. गुळव्याचे सारे कसब या अंतरात असते.

साखर कारखान्यातल्या मळीलाही काही जण काकवी म्हणतात. ते चूक आहे. ती मळी म्हणजे साखरेचे स्फटिक काढून घेतल्यावर उरलेला द्रव. काकवीत उसाची गोडी शाबूत असते.

भाकरी, घावन, आंबोळीबरोबर काकवी खातात. साठवणीत साखरेचे खडे धरू नयेत म्हणून तीत थोडे सायट्रिक आम्ल घालतात.