रिमोट डेस्कटॉपची वापरकर्ता-मर्यादा व परवाने

विंडोज सर्व्हरवर दुरून लॉग इन करून किती जणांनी व कोणत्या कामासाठी वापर करावा, याविषयी मायक्रोसॉफ्टने ठरविलेल्या नियमांना रिमोट डेस्कटॉपची वापरकर्ता-मर्यादा म्हणतात. ही मर्यादा काही अंशी तांत्रिक, तर काही अंशी केवळ कराराची आहे. पुण्यातील सनदी लेखापालांची कार्यालये किंवा भोसरी परिसरातील लघुउद्योग अशा एकाच सर्व्हरवर चालणाऱ्या ठिकाणी हा भेद विशेष महत्त्वाचा ठरतो.

दोन सत्रांची सवलत

विंडोज सर्व्हरवर वेगळा परवाना न घेता एका वेळी दोन जणांना दुरून लॉग इन करता येते. ही सवलत फक्त सर्व्हरच्या देखभालीसाठी आहे. दोन हिशेबनिसांनी तिचा उपयोग करून रोजच्या नोंदी केल्यास यंत्र त्यांना अडवत नाही. परंतु करारभंग होतो. तिसरी व्यक्ती आली की आधीच्या दोघांपैकी एकाला बाहेर काढावे लागते, आणि बहुतेक कार्यालयांना नियमाची पहिली ओळख तेव्हाच होते. विंडोज १० व ११ च्या प्रो आवृत्तींत तर एका वेळी एकच सत्र चालते.

परवान्यांचे प्रकार

अधिक जणांनी काम करायचे असल्यास सर्व्हरवर रिमोट डेस्कटॉप सेवा बसवावी लागते. त्यानंतर १२० दिवसांची मुदत मिळते. या काळात सर्व काही सुरळीत चालते, त्यामुळे परवान्यांचा विषय मागे पडतो. मुदत संपताच सर्व्हर जोडणी नाकारू लागतो. आर्थिक वर्षअखेरीस असे घडल्यास होणारी अडचण उघड आहे.

परवाना वापरकर्तानिहाय किंवा उपकरणनिहाय मिळतो. तीन पाळ्यांत तीन कारकून एकाच संगणकावर बसत असतील, तर उपकरणनिहाय एक परवाना पुरतो. याउलट कार्यालयातील संगणक, घरचा लॅपटॉप आणि मोबाइल असे तिन्ही वापरणाऱ्या एका व्यक्तीस वापरकर्तानिहाय एक परवाना पुरे. वापरकर्तानिहाय मोजणी माणसांची होते, एकाच वेळच्या सत्रांची नव्हे. दहा जणांपैकी कोणत्याही वेळी पाचच काम करीत असले, तरी परवाने दहाच लागतात. शिवाय सर्व्हरचा मूळ प्रवेश-परवाना प्रत्येकासाठी निराळा घ्यावा लागतो. जुन्या आवृत्तीचा परवाना नव्या सर्व्हरवर चालत नाही. डोमेन न उभारलेल्या कार्यालयांत विंडोज सर्व्हर २०१९ पासून वापरकर्तानिहाय परवान्यावरील सत्र ६० मिनिटांत तुटते; तेथे उपकरणनिहाय परवानाच घेणे इष्ट.

टॅलीसारख्या हिशेबाच्या प्रणालींचे परवाने याहून स्वतंत्र असतात. टॅलीची सिल्व्हर आवृत्ती एका वापरकर्त्यासाठी, तर गोल्ड अनेकांसाठी आहे.

छोट्या व्यवसायांसाठीच्या आवृत्ती

स्मॉल बिझनेस सर्व्हर २००० मध्ये अनेकांना दुरून काम करता येत असे. २००३ च्या आवृत्तीत ही सोय काढून टाकण्यात आली व देखभालीपुरतेच लॉग इन उरले. पुढे आलेल्या एसेन्शियल्स आवृत्तीत २५ वापरकर्ते व ५० उपकरणे यांना निराळ्या प्रवेश-परवान्याची गरज नसते. हा २५ चा आकडा नेहमीच गोंधळ निर्माण करतो. तो फाइलींची देवाणघेवाण वगैरे सेवांपुरता आहे. २५ जणांनी दुरून सर्व्हरवर काम करावे, असा त्याचा अर्थ नाही.

कायदा व सुरक्षितता

मर्यादा चुकविण्यासाठी विंडोजच्या मूळ फाइलींत फेरफार करणारी साधने प्रचलित आहेत. त्यांचा वापर करारभंग ठरतो, आणि पुढील अद्ययावतीकरणानंतर ती बंद पडण्याचाही संभव असतो. बेकायदा प्रतीचा जाणूनबुजून वापर केल्यास प्रतिमुद्राधिकार अधिनियम, १९५७ च्या कलम ६३ ब नुसार ७ दिवस ते ३ वर्षे कारावास आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. व्यापारी लाभासाठी वापर झाला नसल्यास न्यायालय कारावास न देता केवळ दंड करू शकते.

९ मार्च २०२० रोजी पुण्यात महाराष्ट्रातील पहिले कोरोना रुग्ण आढळले. पाठोपाठ आलेल्या टाळेबंदीत घरून काम करण्यासाठी ३३८९ हे रिमोट डेस्कटॉपचे पोर्ट थेट इंटरनेटवर खुले ठेवण्याची प्रथा जगभर वाढली. खंडणीखोर सॉफ्टवेअर पसरविणारे नेमके हेच पोर्ट शोधत असतात. परवाने पूर्ण असले तरी हा धोका टळत नाही. त्यासाठी व्हीपीएन अथवा गेटवे वापरावा लागतो.

स्वतःचा सर्व्हर न ठेवता मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवरील आभासी डेस्कटॉप भाड्याने घेण्याचा पर्यायही आहे. त्यावरील बहुसत्री विंडोजला रिमोट डेस्कटॉपचे निराळे परवाने लागत नाहीत, मात्र मायक्रोसॉफ्ट ३६५ ची पात्र वर्गणी आवश्यक असते. या क्लाउडचे 'मध्य भारत' हे केंद्र २०१५ पासून पुण्यातच आहे.