जिस्ट कार्ड : निवडीची एक कसोटी

संगणकाच्या पडद्यावर चित्र उमटविणारे कार्ड घेताना त्याच्या वेगाचीच चर्चा अधिक होते; परंतु ते चालविणारी आज्ञावली, म्हणजे ड्रायव्हर, भरवशाची नसेल तर तो वेग व्यर्थ होय. देवनागरीच्या अलीकडील इतिहासात याचा बोधप्रद दाखला आढळतो.

कानपूरच्या आय. आय. टी.त उगम पावलेले जिस्ट तंत्र १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकने कार्डाच्या रूपाने प्रसृत केले. जोडाक्षरे व वेलांट्या यांची मांडणी कार्डच करी. त्यामुळे डॉसवरील इंग्रजी आज्ञावलीत फेरफार न करता मराठी लिहिता येई. पुढे विंडोजमुळे पडदा चित्ररूप झाला आणि हे कार्ड मागे पडले. तथापि त्यावरील मजकूर वाचविण्याजोगा राहिला. कारण तो ‘इस्की’ संकेतात साठविलेला होता. १९९१ साली या संकेतास भारतीय मानकाचा दर्जा मिळाला, आणि युनिकोडमधील देवनागरीची मांडणीही त्याच्या १९८८च्या आवृत्तीवर बेतलेली आहे. याउलट, विशिष्ट फॉन्टशी जखडलेला मजकूर तो फॉन्ट नसताच अवाच्य होतो.

श्रीरामपूरच्या एखाद्या महाविद्यालयास आज कार्ड घ्यावयाचे झाल्यास हीच कसोटी लागू पडते : ड्रायव्हर किती वर्षे सांभाळला जाईल, आणि तो थांबल्यावर आपले काम शिल्लक राहील काय?