थोरल्या दवाखान्याची डॉक्टरीण आणि तिचे लुगडे

कोल्हापुरात ज्याला आपण सीपीआर म्हणतो आणि जुनी माणसे अजून थोरला दवाखाना म्हणतात, ते पूर्वीचे अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल. 1886 साली तिथल्या स्त्री-विभागासाठी कोल्हापूर संस्थानाने अवघ्या एकवीस वर्षांच्या डॉक्टरणीची नेमणूक केली. डॉ. आनंदीबाई जोशी. त्यांचे चरित्र बहुतेकांना ठाऊक आहे. मला आज बोलायचे आहे ते त्यांच्या लुगड्याविषयी.

खरे तर या कथेची सुरुवातही कोल्हापूरचीच. पोस्टात नोकरीला असलेले गोपाळराव जोशी 1878 मध्ये इथे होते. बायकोला अमेरिकेत शिकवावे म्हणून त्यांनी पूर्वी कोल्हापुरात राहिलेल्या वाइल्डर या मिशनऱ्याला इथूनच पत्र लिहिले. ते अमेरिकेत छापून आले आणि त्यातूनच पुढे कार्पेंटर बाईंची ओळख झाली.

आनंदीबाई निघणार म्हटल्यावर लोकांनी विचारले काय? वैद्यक झेपेल का, हे थोड्यांनी. धर्म, जेवण आणि पोशाख यांचे काय, हे पुष्कळांनी. फेब्रुवारी 1883 मध्ये श्रीरामपूरच्या कॉलेजात केलेल्या भाषणात त्यांना जाहीर सांगावे लागले की, आपण आहार आणि पोशाख बदलणार नाही, हिंदू म्हणून जाऊ आणि हिंदू म्हणूनच परत येऊ. त्याच काळातले आपले वकील, मास्तर, डॉक्टर धोतरावर लांब कोट आणि पायात बूट घालून कचेरीत जात होते. पुढे पाटलोणही आली. त्यासाठी कुणा पुरुषाला सभेत उभे राहून ग्वाही द्यावी लागल्याचे माझ्या वाचनात नाही.

शब्द दिला खरा, पण फिलाडेल्फियाच्या थंडीने तो मोडीत काढायला घेतला. कासोट्याच्या नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहतात, कंबरेचा थोडा भागही दिसतो. कल्याण-पुण्यात हे सभ्यतेचे नेसणे. उलट कासोटा नसलेले, म्हणजे विकच्छ नेसणे आपल्याकडे अशुभ मानलेले. तिकडे मात्र बाईचा घोटा दिसला तरी भुवया उंचावत. एकच वस्त्र, एका गावात सोवळे आणि दुसऱ्या गावात असभ्य! गाऊन घालावा तर वचनभंग, न घालावा तर आजारपण.

आनंदीबाईंनी मधली वाट काढली. त्या गुजराती पद्धतीने पायघोळ साडी नेसू लागल्या. अंग झाकले गेले, थंडीपासून थोडा बचाव झाला आणि साडीही सुटली नाही. 10 ऑक्टोबर 1885 चे एक छायाचित्र हल्ली सगळीकडे फिरते. त्यात जपानची केइ ओकामी, सीरियाची सबत इस्लामबूली आणि आपल्या आनंदीबाई आहेत, तिघी आपापल्या देशाच्या पोशाखात. ते पाहताना आपण म्हणतो, वा, काय स्वाभिमान! स्वाभिमान होताच. पण त्यामागची रोजची ओढाताण फोटोत उमटत नाही.

11 मार्च 1886 ला त्या डॉक्टर झाल्या. परत आल्या त्या आजारी होऊनच. 26 फेब्रुवारी 1887 ला पुण्यात त्यांचे निधन झाले. कोल्हापूरची खुर्ची रिकामीच राहिली. पुढे डॉ. कृष्णाबाई केळवकर याच दवाखान्यात आल्या. त्यांना परदेशी शिक्षणासाठी शाहू महाराजांनी पाठबळ दिले होते.

विसाव्या शतकात शाळेत, इस्पितळात, कचेरीत जाणाऱ्या बायकांनी पाचवारी गोल साडी जवळ केली. बस पकडायला, जिना चढायला ती सोयीची. तेव्हा तिलाही नावे ठेवली गेली. मग काही दशकांत तीच 'आपली परंपरा' ठरली आणि पंजाबी ड्रेसमध्ये आलेल्या बाईंना मुख्याध्यापक टोकू लागले. ही तक्रार आमच्या पिढीतल्या कितीतरी शिक्षिकांची आहे.

डिसेंबर 2020 मध्ये राज्य सरकारने कर्मचाऱ्यांसाठी पोशाखाचे परिपत्रक काढले, मार्च 2024 मध्ये शिक्षकांसाठी. पुरुषांना शर्ट-पँट, शर्ट खोचलेला. शिक्षिकांना साडी किंवा सलवार-कुर्ता. साडीच्या शेजारी सलवारीला जागा मिळाली आहे, ओढणीसह. जीन्स मात्र शाळेच्या दाराबाहेर, आणि या वेळी ती मास्तरांचीही.