गावभाग की विश्रामबाग?

साताऱ्याच्या पेठा अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी वसल्या; तिथे पुराची धास्ती नव्हती, पण पाणी कासच्या तलावातून आणावे लागले. सांगलीचे उलटे. चिंतामणराव पटवर्धनांनी मिरजेतून वेगळे होऊन इथे राजधानी केली, तेव्हा कृष्णाकाठी पाणी दाराशी होते. गणपती मंदिर, घाट, बाजारपेठ, सारा गावभाग नदीच्या अंगाने वाढला. तो निर्णय चुकीचा नव्हता. नळ नसलेल्या काळात नदी हीच सोय. पुढे मिरज रस्त्यावर विश्रामबाग वाढली. 1919 साली स्थापन झालेले विलिंग्डन आणि 1947 चे वालचंद, या महाविद्यालयांभोवती बंगले उभे राहिले. नळ आल्यावर घराला घाटाची गरज उरली नव्हती.

आज घर घेणाऱ्याने म्हणून नदीकडे पाठ फिरवावी का? कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी 45 फूट. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांवर गेले. जुने रहिवासी म्हणतील, असा पूर दरवर्षी येत नाही, आणि बाजार, देऊळ, शेजार पायी अंतरावर असण्याचे मोल मोठे. मोल खरेच, पण 2005, 2019, 2021 ही वर्षे अपवादाची म्हणून सोडून देता येत नाहीत. मात्र नवे म्हणजे सुरक्षित, हेही खोटे. शामरावनगर नवेच, पण सखल, आणि तिथेही पाणी साचते. तेव्हा वस्तीचे वय विचारू नका, उंची विचारा. दलालाआधी शेजाऱ्याला गाठा आणि त्याच्या भिंतीवर पुराची रेघ कुठवर आली होती, ते पाहून या.